आर७४० मध्ये डेस्कटॉपची रॅम का चालत नाही, आणि मग कोणती घ्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णालयात डेलचा पॉवरएज आर७४० हा सर्व्हर आहे, त्यात झिऑन सिल्व्हर ४२१० हे दोन प्रोसेसर, आणि १६ जीबीच्या दोनच रॅम, ए१ आणि बी१ या स्लॉटांमध्ये. बिलिंग आणि लॅबचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालतं आणि सकाळी ओपीडीच्या गर्दीत रखडतं. दुकानदारानं ३२ जीबीच्या चार डीडीआर४-३२०० स्टिक दिल्या. "पिना सारख्याच आहेत साहेब, बसतील," म्हणाला. बसल्या. पण सर्व्हर सुरू होईना, पुढचा दिवा नारिंगी लुकलुकायला लागला. बोर्ड गेला का, आणि आता रॅम घ्यायची कोणती?

बोर्ड गेला असेल असं मला वाटत नाही. वीज पूर्ण काढा, दोन्ही पॉवर केबल उपसा, नव्या चारही स्टिक बाहेर काढा, जुन्या दोन ए१ आणि बी१ मध्येच परत बसवा आणि सुरू करा. डीडीआर४ मध्ये डेस्कटॉपची आणि सर्व्हरची रॅम एकाच व्होल्टेजवर, १.२ वर चालते. त्यामुळे अशा चुकीत सहसा काही जळत नाही, सर्व्हर फक्त "ही माझी रॅम नाही" म्हणून अडून बसतो. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहील. तेवढ्यात घाबरून पुन्हा बटण दाबू नका, तो रॅमची नव्यानं जुळणी करत असतो.

दुकानदार अर्धं खरं बोलला. डीडीआर४ ची डेस्कटॉप स्टिक आणि सर्व्हर स्टिक दोघींना २८८ पिना आणि खाचही त्याच जागी. म्हणूनच ही चूक इतकी होते. फरक स्टिकच्या पोटात आहे. डेस्कटॉपवरची ती यूडिम. तिच्यात प्रोसेसरकडून येणारा प्रत्येक हुकूम आणि पत्ता थेट प्रत्येक चिपपर्यंत जातो. चिपा वाढल्या की त्या सगळ्यांना ओढायचा भार प्रोसेसरवर पडतो, म्हणून अशा स्टिक फार लावता येत नाहीत. सर्व्हरच्या आरडिममध्ये मधोमध एक वेगळी चिप असते, रजिस्टर. हुकूम आणि पत्ते आधी तिच्याकडे येतात आणि ती ते पुढे नव्या जोमानं वाटते. तुमच्या मशीनला २४ स्लॉट आहेत, प्रत्येक प्रोसेसरला बारा. एवढ्या स्लॉटांचा संसार रजिस्टरशिवाय चालत नाही. आर७४० यूडिम घेतच नाही, मग ती कितीही महाग असो.

तिसरा प्रकार एलआरडिम. तिच्यात हुकुमांबरोबर डेटाच्या वाटेवरही बफर असतात, त्यामुळे एकेका स्टिकमध्ये ६४ किंवा १२८ जीबी कोंबता येतात. तुम्हाला तिची गरज नाही. आरडिम आणि एलआरडिम एका मशीनमध्ये मिसळत नाहीत एवढं लक्षात ठेवा. जुन्या बाजारात कधी कधी एलआरडिम स्वस्तात मिळते आणि मोह होतो. तुमच्या जुन्या दोन आरडिम तिच्यासोबत चालणार नाहीत.

आता ईसीसी, म्हणजे रॅममधल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण "ईसीसीचे उगाच पैसे" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय.

सांगलीत एका हळदीच्या अडत्याकडे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवरचं हिशोबाचं सॉफ्टवेअर होतं. सर्व्हर म्हणून एक साधा पीसी, कोपऱ्यात, पोत्यांच्या धुळीत. एका महिन्यात खातेवहीत चार हजारांचा फरक आला. पुढच्या महिन्यात चाळीसचा. तिसऱ्यांदा पुन्हा चारशेचा. आळ अर्थातच दिवाणजींवर. तीस वर्षं त्या पेढीवर काम केलेला माणूस, रात्री उशिरापर्यंत पावत्या जुळवत बसायचा. मला बोलावलं ते सॉफ्टवेअर बदलायचं म्हणून. मी चुकलेल्या नोंदी कागदाशी ताडून पाहिल्या तर प्रत्येक ठिकाणी एकच आकडा बदललेला होता: ३ च्या जागी ७. कधी हजारांच्या घरात, कधी शेकड्यात, कधी दहांत.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलीत संख्या अक्षरांसारख्या, एकेक अंक सुटा करून साठवलेल्या असतात. संगणक सगळं ० आणि १ मध्ये लिहितो, त्या एकेका ०-१ ला बिट म्हणतात. त्याच्या भाषेत ३ म्हणजे शेवटचे चार बिट ००११ आणि ७ म्हणजे ०१११. दोघांत फरक एका बिटाचा. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला, तर पहाटेपर्यंत त्याच एका पत्त्यावर, त्याच एका बिटावर लाल ओळी. तो बिट कायमचा १ वर अडकला होता. ज्या नोंदी लिहिताना नेमक्या त्या जागेतून जायच्या, तेवढ्याच बिघडायच्या, म्हणून रोज घडत नव्हतं. पीसी एकदाही बंद पडला नाही, निळा पडदा आला नाही. तीन महिन्यांचे बॅकअपही तसेच बिघडलेले. दिवाणजींची माफी मालकांनी मागितली की नाही ते मला माहीत नाही, माझ्यासमोर तरी नाही.

ईसीसी रॅम त्या पीसीत असती तर? डीडीआर४ ईसीसीमध्ये दर ६४ बिटांमागे ८ जास्तीचे बिट तपासणीसाठी असतात, एकूण ७२. एक बिट बिघडला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो आणि लॉगमध्ये नोंद पडते. साध्या ईसीसीत दोन बिघडले तर दुरुस्ती होत नाही, पण बिघाड कळतो आणि मशीन मुद्दाम थांबतं. लोक मग म्हणतात, "ईसीसी असून सर्व्हर बंद पडला!" अहो, म्हणूनच पडला. चुकीचा रक्तगट छापून चालू राहण्यापेक्षा तो थांबलेला परवडला.

हे दुर्मीळ असतं असा एक समज आहे. २००९ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलचे दोन अभियंते यांनी गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनांत निदान एक तरी दुरुस्त झालेली चूक नोंदली गेली होती, आणि स्टिक मोजल्या तर आठ टक्क्यांहून जास्त. बहुतेक चुकांमागे अवकाशातून आलेला एखादा कण नव्हता, स्टिकमधलाच कायमचा दोष होता. म्हणजे सांगलीसारखाच. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की ईसीसीचे निम्मे पैसे दुरुस्तीचे आणि निम्मे त्या लॉगचे. लॉग कोणी उघडणारच नसेल तर निम्मे पाण्यात. तुमच्याकडे आयड्रॅक आहे, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणारी डेलची आतली यंत्रणा. एखादी स्टिक वारंवार चुका देऊ लागली की तो स्लॉटच्या नावासकट इशारा देतो. तो इशारा तुमच्या मेलवर येतो का, की दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मेलवर जातो, ते आजच बघा.

सर्व्हरसाठीच्या आरडिममध्ये ईसीसी असतंच, तिथे वेगळं विचारायची गरज नाही. गोंधळ होतो तो छोट्या सर्व्हरांत. झिऑन ई मालिकेवरचे टॉवर असतात ना, दवाखान्यात, सीएच्या ऑफिसात, ते आरडिम घेत नाहीत. त्यांना ईसीसी असलेली यूडिम लागते. म्हणजे तुमच्या उलटी चूक तिथे होते: कोणीतरी डेटा सेंटरमधून निघालेल्या स्वस्त आरडिम आणतो आणि त्या टॉवरमध्ये चालत नाहीत. "सर्व्हरची रॅम" अशी एकच वस्तू बाजारात नाही. प्रोसेसर कोणता, बोर्ड कोणता, यावर ती ठरते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "किती जीबी?" असा आला तर मी सावध होतो. पहिला प्रश्न मॉडेलचा हवा.

डीडीआर५ बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या सर्व्हरला लागेल म्हणून सांगतो. "डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असतं, वेगळं कशाला घेता" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या आत एक दुरुस्ती असते हे खरं. पण ती चिपच्या आतल्या चुका चिपच्या आतच झाकते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय बिघडलं ते तिला कळत नाही, आणि तुमच्या लॉगमध्येही ती काही लिहीत नाही. खरं ईसीसी वेगळंच. एक बरं आहे, डीडीआर५ मध्ये यूडिम आणि आरडिमची खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे "बसतील साहेब" हा प्रकार संपला. आरडिमला १२ व्होल्ट लागतात, यूडिमला ५, म्हणून ते बरंच झालं.

आता तुमच्या खरेदीकडे.

रॅम घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर सगळा खर्च वाया जाईल. तुमचा एसक्यूएल सर्व्हर कोणत्या आवृत्तीचा आहे? रुग्णालयांत सॉफ्टवेअरवाले पुष्कळदा फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती टाकून जातात. २०१६ ते २०२२ च्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि डेटा साठवून ठेवायला ती रॅममधले १४१० एमबीच वापरते. तुम्ही ५०० जीबी रॅम लावलीत तरी ती तेवढ्यातच भागवणार. ओपीडीच्या वेळी रखडण्याचं कारण तेच असलं, तर पैसे रॅमवर नाही, लायसन्सवर किंवा डिस्कवर घालायला हवेत. पैसे देऊन घेतलेली स्टँडर्ड असेल तर २०१४ ते २०२२ च्या आवृत्त्यांत रॅमची ही मर्यादा १२८ जीबी आहे, मग रॅमला अर्थ आहे. पुढचं सगळं मी स्टँडर्ड धरून लिहितोय.

चार स्टिक घ्यायचा तुमचा बेत होता. प्रकार बरोबर असता तरी मी चार घेऊ दिल्या नसत्या. ४२१० या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे सहा रस्ते आहेत, त्यांना चॅनेल म्हणतात. सध्या प्रत्येक प्रोसेसरला एक स्टिक आहे, म्हणजे सहापदरी रस्त्यावर एकच पदर चालू आणि पाच बंद. हा प्रोसेसर रॅम जास्तीत जास्त २४०० च्या वेगानं चालवतो. एका चॅनेलमधून दर सेकंदाला १९.२ जीबी जातात आणि सहाही चालू असले तर ११५.२. चार स्टिक घेऊन दोन-दोन वाटल्या असत्या, जुन्या दोन तशाच ठेवून, तर प्रत्येकाला तीन चॅनेल मिळाले असते. आणि त्यातही एक १६ चा आणि दोन ३२ चे, म्हणजे शेवटच्या काही जीबींसाठी पुन्हा कमी पदर. जीबी दिसले असते, वेग निम्मा राहिला असता.

म्हणून माझा सल्ला: १६ जीबीच्या आणखी दहा आरडिम घ्या. जुन्या दोन धरून बारा. एका प्रोसेसरला सहा, दुसऱ्याला सहा. एकूण १९२ जीबी. एसक्यूएलला त्याची १२८ ची कमाल मर्यादा द्या, विंडोजला आणि बाकीच्या कामांना भरपूर उरते. ए१ ते ए६ आणि बी१ ते बी६ हे पांढऱ्या खटक्यांचे स्लॉट आहेत. तेच भरायचे, काळ्या खटक्यांचे बारा पुढच्या वाढीसाठी रिकामे. दोन्ही बाजू सारख्या भरा. एकाच प्रोसेसरकडे जास्त रॅम दिली तर दुसरा प्रोसेसर प्रत्येक वेळी शेजारच्या घरून पाणी भरणार.

"३२ च्या बारा घेऊन टाकू का, एकदाच?" असं तुमच्या संचालकांपैकी कोणीतरी विचारेल. ३८४ जीबी. त्या एकाच मशीनवर हायपर-व्ही वापरून सात-आठ व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणार असाल तर घ्या. एका डेटाबेससाठी नको.

वेगाचा मुद्दा एका दमात संपवतो. ३२०० चे जास्त पैसे देऊ नका. प्रोसेसर २४०० च्या वर जाणार नाही, ३२०० ची स्टिक तिथे २४०० नंच चालेल. जुन्या बाजारात २६६६ च्या मुबलक मिळतात, त्या घ्या. २४०० च्या मिळाल्या तरी चालतील. वेगवेगळ्या वेगाच्या मिसळल्या तर सगळ्या सर्वांत हळू चालणारीच्या वेगानं चालतात, आणि तुमच्या बाबतीत ती मर्यादा तशीही प्रोसेसरच घालतोय.

रँक (एका वेळी मिळून काम करणाऱ्या चिपांचा गट) आणि चिपची रुंदी हा विषय मात्र लोक टाळतात आणि मग फसतात. तुमच्या जुन्या स्टिकचं लेबल वाचा. त्यावर १६ जीबी, मग २आर×८ किंवा १आर×४ असं काहीतरी, मग पीसी४-२६६६व्ही-आर अशी ओळ असेल. शेवटी डॅशनंतर येणारं इंग्रजी अक्षर प्रकार सांगतं: आर म्हणजे आरडिम, एल म्हणजे एलआरडिम, ई म्हणजे ईसीसीवाली यूडिम, यू म्हणजे साधी डेस्कटॉपची. तुमच्या दुकानदारानं दिलेल्या चार स्टिकवर बघा, 'यू' सापडेल. एवढं एक अक्षर वाचायला कोणी दहा सेकंद दिले असते तर तुमची एक सकाळ वाचली असती.

२आर×८ मध्ये दोन रँक आणि आठ-आठ बिटांच्या चिपा, १आर×४ मध्ये एक रँक आणि चार-चार बिटांच्या. दोन रँक असल्या की एक रँक तयारी करत असताना दुसरी काम करते, थोडा वेग मिळतो. ×४ असली की साध्या ईसीसीच्या पुढे जाऊन, एक अख्खी चिप मेली तरी सर्व्हर तिचा डेटा भरून काढू शकतो, कारण तिच्या वाट्याला प्रत्येक शब्दातले चारच बिट येतात. बाराच्या बारा नव्या घेत असतात तर रुग्णालयासाठी मी ×४ सुचवली असती. पण तुमच्याकडे दोन आहेत, तर त्या जशा असतील तशाच दहा घ्या. बारा सारख्या असणं हे या फरकापेक्षा महत्त्वाचं.

नव्या की जुन्या? आर७४० साठी डेटा सेंटरमधून निघालेल्या जुन्या आरडिम घ्यायला मी मागेपुढे पाहत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्या मिळतात. मूळ सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनचं लेबल शाबूत हवं. लेबलावर लेबल चिकटवलेलं दिसलं तर हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा. दोन्ही बाजूंच्या काळ्या चिपा मोजा. डीडीआर४ ईसीसीमध्ये त्या नऊच्या पाढ्यात येतात, ९, १८, ३६. तुमच्या डेस्कटॉप स्टिकवर ८ किंवा १६ भरतील. मोजताना मधली वेगळ्या आकाराची रजिस्टर चिप धरायची नाही. डीडीआर५ मध्ये हे गणित बदलतं, तिथे हा पाढा लावू नका. आणि दहा हव्या असतील तर अकरा घ्या. एक कपाटात. रविवारी रात्री स्टिक गेली तर ती अकरावी कामाला येते, दुकानदाराची वॉरंटी नाही.

बसवताना मशीन बंद, दोन्ही केबल बाहेर, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मनगटाला पट्टा नसेल तर उघड्या धातूच्या चौकटीला हात लावत राहा, उन्हाळ्यात तर नक्कीच. दोन्ही टोकांचे खटके "टक्" वाजून आत बसेपर्यंत दाबा. वारंवार चुका देणाऱ्या अनेक "खराब" स्टिक मी काढून परत नीट बसवल्या आणि त्या बऱ्या झाल्या. रिकाम्या स्लॉटांत प्लॅस्टिकच्या डमी असतील तर त्या फेकू नका, हवा योग्य वाटेनं वाहावी म्हणून त्या असतात. सेटिंगमध्ये मेमरी मोड ऑप्टिमायझर असू द्या. मिररिंग, म्हणजे प्रत्येक गोष्ट रॅममध्ये दोनदा ठेवणं, लावलंत तर सुरक्षितता वाढते, पण रॅम निम्मी होते, आणि मग १९२ गेले कुठे म्हणून मला फोन येतो.

मग शनिवारी रात्री मेमटेस्ट लावा आणि रविवारी सकाळपर्यंत चालू ठेवा. १९२ जीबीला वेळ लागतो, घाई करू नका. एकही चूक आली तर ती स्टिक परत. "एकच तर आली" हे ऐकून घ्यायचं नाही. त्यानंतर दोन आठवडे रोज आयड्रॅकचा लॉग उघडा. स्टिक मुळात कमजोर असेल तर बहुधा एवढ्या दिवसांत कळतं.

राहिल्या त्या चार डेस्कटॉप स्टिक. दुकानदाराला 'यू' हे अक्षर दाखवा आणि सर्व्हरच्या मॉडेलचं नाव बिलावर लिहिलेलं असेल तर तेही. परत घेत नसेल, तर रिसेप्शनवरचे पीसी डीडीआर४ वाले आहेत का बघा. एकेक तिथे लावून टाका, कागदपत्रं उघडताना तिथल्या मुली पडद्यावरच्या ज्या घड्याळाकडे बघत बसतात ते तरी थांबेल.